वहीतल्या चार रात्री

माघ वद्य अष्टमी, गुरुवार. अंगठे एकेचाळीस, सह्या दोन. हजर: मी, चावडीवरचा शिपाई दस्तगीर, ठकूमाय धनगरीण आणि अंगठा उठवायला आलेली गावची मंडळी. जागा माझ्या घराची पडवी. मानमोडीच्या तापाच्या, म्हणजे एकोणीसशे अठराच्या साथीला तेव्हा सहा वर्षे होत आली होती.

इतके गावाला माहीत आहे. त्या दिवशी पडवीत आणखी एक गोष्ट घडली, ती मात्र मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही. थोरला भाऊ मरणाला टेकला, रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसलो, तेव्हा त्यालाही नाही. सांगायला बसलो की मी दुसरेच काहीतरी सांगू लागतो — आताही बहुधा तसेच करीन. तुम्ही जरा धीर धरा. मी येतो तिथवर.

आमचे गाव नेकनूरपासून दीड कोसावर. मला गावात वहीवाले अण्णा म्हणतात. लग्नात पंगती किती उठल्या, आडाचे पाणी किती हात खाली गेले, कोणत्या नक्षत्राला किती दिवस पाऊस लागला, कोणाची म्हैस कधी व्याली — सगळे मी लिहून ठेवतो. वडिलांची सवय माझ्यात आली. दोघांचा वाद लागला की लोक माझ्या पडवीत येतात. मी वही उघडतो, ओळीवर बोट ठेवतो, वाचून दाखवतो. वाद तिथेच मिटतो. पुढे कोणी बोलत नाही. वहीत आहे म्हणजे आहे, वहीत नाही म्हणजे नाही. एवढे ध्यानात ठेवा.

त्याच पडवीत दर गुरुवारी मी पुण्याचे साप्ताहिक वाचून दाखवत असे. अंक नेकनूरहून यायचा. आम्ही निजामाची रयत. इंग्रजांच्या मुलखाशी आमचा संबंध काय? पण ऐकायला दहा-पंधरा जण तरी जमत. पौषात बातमी आली की विलायतेत जुने सरकार पडले आणि मजुरांच्या पक्षाचे सरकार आले. मजुरांचे सरकार! मी ती ओळ दोनदा वाचली. दस्तगीर खांबाला टेकून विडी ओढत होता. तो म्हणाला, "बघ बे, आता गोरे सायब पाट्या डोक्यावर घेऊन येतेत. आन् आपून खुर्चीत बसून म्हनायचं, हां, टाक तिकडं!" सगळे हसले.

ठकूमाय हसली नाही. ती पायरीवर बसून टकळीवर लोकर कातत होती. हात न थांबवता तिने विचारले, "अण्णा, मजुराचं राज आलंय म्हनता. मंग मजुराचं लेकरू कावून कोंडून ठेवलंय त्याईनी?"

मी अंकाचे पान उलटले. हसू मात्र थांबले होते.

तिचा मुलगा मल्हारी. बापामागे तिने एकटीने वाढवलेला. एकशे ऐंशी मेंढ्या, दोन कुत्री आणि तो. बोलायला कमी, पण मेंढी लंगडली तर तिला खांद्यावर घेऊन पाच कोस चालणारा. वैशाखात सरहद्दीपलीकडे, इंग्रजी हद्दीतल्या राखीव रानात एका जंगल रखवालदाराला धनगरांनी काठ्यांनी मारले. त्याचा एक डोळा गेला. शुद्धीवर आल्यावर त्याने नाव सांगितले, मल्हारी. आता मल्हारी नावाचे धनगर मोजायचे म्हटले तर माझीसुद्धा वही पुरणार नाही. महिन्याने आमचा मल्हारी कळप घेऊन त्या बाजूला गेला आणि त्याला धरले. तो सांगत राहिला की मी त्या दिवशी माझ्या गावात होतो. कोर्टाने विचारले, कागद आहे? आईची साक्ष चालत नाही, आणि आई तर त्या आठवड्यात थंडीतापाने झोपडीत पडून होती. सात वर्षे सक्तमजुरी झाली.

हे मला आषाढात कळले. मी गप्प बसलो. मला कोणी विचारले नव्हते — असे मी तेव्हा स्वतःला सांगत होतो. विचारले नसते तर मी आयुष्यभर तेच सांगत राहिलो असतो का? कोण जाणे. पण विचारले गेले.

आमच्याकडे पेरणीच्या आधी शेतात मेंढ्या बसवतात. रात्री कळप रानात बसतो, लेंडीखत पडते, बदल्यात धनगराला ज्वारी द्यायची. किती मेंढ्या, किती रात्री, कोणत्या पट्टीत — हे मी लिहून ठेवणारच. तुमच्या आता लक्षात आले असेल. मीही आता टाळत नाही.

अर्ज करायची कल्पना दस्तगीरची. त्याचा कोणी नातलग पलीकडे वकिलाच्या हाताखाली होता. त्याने सांगून पाठवले होते की दोन वाटा आहेत. एक म्हणजे मल्हारी त्या दिवशी कुठे होता याचा लेखी पुरावा आणा, खटला पुन्हा उघडेल. दुसरी, विलायतेत नवी सभा, म्हणजे तिथले पार्लमेंट, बसली आहे, तिच्याकडे दयेचा अर्ज करा. नवे लोक आहेत, ऐकतीलही. पहिली वाट चांगली, दुसरी आपली नशिबावर.

म्हणून त्या गुरुवारी सगळे पडवीत जमले. मी कागद, दौत घेऊन बसलो होतो. दस्तगीरने दोन्ही वाटा समजावून सांगितल्या. ठकूमायने टकळी खाली ठेवली. तिने टकळी खाली ठेवलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"अण्णा," ती म्हणाली, "मल्हारीनं एका सुटलेल्या गड्यासंगं निरोप धाडलाय. म्हनला, अण्णाच्या वहीत बघा. त्या चार रात्री आपल्या मेंढ्या त्यांच्या रानात बसलत्या. मी तापात व्हते; चार राती आठवत्यात, पन नक्की सांगता येत न्हाई. पर तुमच्या वहीत असंल की."

"अरे हां!" दस्तगीर उठून उभाच राहिला. "अण्णा, काढा वही. तुमचं पान म्हनजे सरकारी कागदाच्या वर."

मी आत गेलो. फडताळातून वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही, मला कधीच लागत नाही. माझ्याच अक्षरात लिहिले होते: बुध, गुरू, शुक्र, शनी. मेंढ्या १८०. धनगर मल्हारी, स्वतः. रखवालदाराला मारले ते शनिवारी तिन्हीसांजेला, पंधरा कोसांवर. 'स्वतः' हा शब्दही मीच लिहिला होता — कारण आधीच्या साली त्याने चुलतभावाला पाठवले होते आणि मेंढ्या माझ्या तुरीत शिरल्या होत्या. इतका नेमका पुरावा देवाने कोणाच्या हातात दिला असेल?

आणि त्याच ओळीच्या शेवटी लिहिले होते: 'पट्टी — गायरानाकडची नवी, ३ एकर ७ गुंठे.'

ती पट्टी माझी नव्हती. गावाचे गायरान होते ते. दोन वर्षे मी नांगराचे एकेक तास पलीकडे सरकवत गेलो. पहिल्या साली चार हात, मग आठ. तिसऱ्या वर्षी हद्दीचा दगड उचलून बराच पुढे नेऊन पुरला. कोणाच्या लक्षात आले नाही. कारण हद्दीचा वाद झाला तर लोक विचारायला माझ्याकडेच येणार होते. गायरान आक्रसले आणि धनगरांना चारायला रान कमी पडू लागले. म्हणून तर ते सरहद्दीपलीकडे जास्त जाऊ लागले होते. आणि त्याच चोरलेल्या जमिनीला खत हवे म्हणून मी मल्हारीच्या मेंढ्या तिथे बसवल्या होत्या. चोरीची नोंदही मी ठेवली होती. सवय!

पान कोर्टात गेले असते तर शहानिशेसाठी तहसीलला गेले असते. जमीन गेली असती, दंड झाला असता. पण खरे सांगू? मला जमिनीचे तितके भय नव्हते. पडवीत जमलेल्या लोकांनी ती ओळ वाचली असती, याचे होते. वहीवाले अण्णा — आणि दगड सरकवला.

आत मी किती वेळ उभा होतो? फार नाही. बाहेर दस्तगीर ओरडला, "अण्णा, वही घावंना का?"

मी वही घेऊन बाहेर आलो. उघडली. ओळीवर बोट ठेवले. आणि वाचले, "बुध, गुरू. दोन रात्री. शुक्रवारी सकाळी कळप उठला."

झाले. हेच ते.

शुक्रवारी निघालेला गडी एकटा झपाट्याने चालला तर शनिवारी संध्याकाळी पलीकडच्या रानात पोचतो. हे हिशेब करून सांगावे लागले नाही. दस्तगीर हळूच खाली बसला. कोणी वहीत डोकावले नाही. डोकावून करतात काय, वाचता येणारे आम्ही दोघेच, आणि दस्तगीरला येत होते ते उर्दू. शिवाय माझ्या वहीत डोकावायचे कशाला?

ठकूमाय माझ्या बोटाकडे बघत राहिली. मग इतकेच म्हणाली, "मंग मला तापात चुकीचं आठवतंय."

त्यानंतर मी अर्ज लिहायला घेतला. फार मन लावून लिहिला. अक्षर असे आले होते की बीडच्या मुन्शीने त्याचे इंग्रजी करताना वाहवा केली म्हणे. पण मजकूर काय होता? दयेचा अर्ज होता तो. पुराव्याची वाट मी बंद केली होती, त्यामुळे दयाच मागता येत होती. आणि दया मागायची तर गुन्हा कबूल करावा लागतो. 'माझ्या मुलाच्या हातून रागाच्या भरात अपराध घडला' — हे वाक्य मी लिहिले, आणि त्याखाली त्याच्या आईचा अंगठा घेतला. तिचा पहिला. मग गावाचे चाळीस. सह्या दोन, माझी आणि दस्तगीरची, त्याची उर्दूत. अर्ज रजिस्टर टपालाने गेला.

त्यानंतर दर गुरुवारी ती येऊ लागली. अंक आला की त्या सभेचे काय चालले आहे ते मी वाचायचा आणि ती ऐकायची. पायरी तीच, टकळी तीच. ऐकता ऐकता एका अंकाला एक गुंडा सूत होई. मल्हारी सुटून येईल तेव्हा त्याच्यासाठी नवी घोंगडी. तिला ती सभा तिच्या पद्धतीने कळू लागली होती. "आज त्याईचं कशावर भांडन हाय?" विचारायची. घरांवर, सांगायचो. बेकारांवर. "मंग आपला नंबर?" अजून नाही. "बसू द्या, बसू द्या. लई मोठी पंचायत हाय, टाइम लागंल."

मला मात्र पहिल्याच महिन्यात कळले होते. आकडे अंकात छापलेले होते. त्या सभेत एकूण माणसे सहाशे पंधरा. त्यांत मजूर पक्षाची एकशे एक्क्याण्णव. तिसऱ्या हिश्शाहूनही कमी! बाकीच्यांनी ठरवले त्या दिवशी हे सरकार पडणार, यासाठी विलायतेला जायची गरज नव्हती. मी हिशेब करणारा माणूस. मला ठाऊक होते आणि तरी मी दर गुरुवारी म्हणत होतो, होईल, होईल. तिला फसवायला म्हणत होतो का? थोडे तसेही. पण मी स्वतः आशा करत होतो — हे सांगायला जास्त लाज वाटते. सात समुद्रांपलीकडच्या सहाशे पंधरा अनोळखी माणसांनी मल्हारीला सोडून द्यावे, म्हणजे मला पंधरा कोस चालत एक पान घेऊन जावे लागणार नाही. कधी कधी सभेचे भाषण वाचताना माझा आवाज भरून येई. लोकांना वाटे, अण्णांना केवढी कळकळ.

ज्येष्ठात ती तुरुंगात मुलाला भेटायला गेली. दस्तगीरने सोबत केली. आठ दिवसांनी परत आली, गुरुवार नव्हता तरी सरळ माझ्याकडे आली. धुळीने पाय पांढरे झाले होते. मी पाणी दिले. ती प्यायली आणि म्हणाली, "त्याला म्हनलं, लेकरा, आता तरी खरं बोल. आईपाशी बोल. अण्णाची वही खोटं बोलंल का? तवा तो हसला, अण्णा. गजातून माझ्याकडं बघून हसला. मंग काई बोललाच न्हाई. निगायची येळ झाली तरी न्हाई."

मी विचारले, "कसा होता तब्येतीने?"

"हाडं ऱ्हायलीत. पर मला त्याचं न्हाई. माझ्या पोटचं माझ्यापाशी खोटं बोललं, त्याचं लई लागलं."

सांगा, ह्याहून मोठी संधी कोणाला मिळते? पडवीत त्या वेळी कोणी नव्हते. फडताळ माझ्या पाठीशी होते, हात लांबवला तर लागेल इतके जवळ. मी पुन्हा पाणी हवे का म्हणून विचारले. तिने मान हलवली. मग उठली आणि गेली.

दसरा झाला, आणि अंकात आले की विलायतेतले सरकार मतात हरले आणि सभा मोडली. पुन्हा निवडणूक होणार. मी वाचले तेव्हा पडवीत चारच माणसे होती. बाकीच्यांचा उत्साह केव्हाच ओसरला होता. ठकूमायने विचारले, "सभा मोडली मंजी? भांडन झालं?"

"मुदतीआधीच उठली, ठकूमाय. आता नवे लोक येतील."

"मंग आपला कागद?"

मी म्हणालो की जुन्या सभेपुढचे काम जुन्या सभेबरोबर संपते. खरेच असे असते की नाही, मला ठाऊक नव्हते. अर्ज कोणी उघडला तरी होता की नाही, तेही नव्हते. तिने बोटे पुढे धरून विचारले की नवी सभा किती दिवस बसेल. पाच वर्षे, मी म्हणालो. ती मनात काहीतरी मोजत राहिली. मग टकळी कमरेला खोचून म्हणाली, "तेहतीस गुंडे झाले बघा. तुमच्या अंकाला एक. तुमी मोजले न्हाईत, मी मोजलेत."

नव्या सभेत मजुरांचा पक्ष हरला. जुने सरकार परत आले. दस्तगीर म्हणाला, "घ्या, सायब परत खुर्चीत." कोणी हसले नाही. दुसरा अर्ज करू असे मी म्हणालो. पण तिने नको म्हटले. केले त्याने भोगावे, असे काहीसे ती पुटपुटली. तिला मी हे शिकवले होते.

नव्या सभेला एक वर्ष पुरे व्हायच्या आत मल्हारी तुरुंगात तापाने गेला. निरोप चावडीवर आला, दस्तगीरने तो झोपडीवर नेला. मी गेलो नाही. मी घरात बसून वही काढली आणि ते पान फाडायला घेतले. कोपरा हातात आला. पण पान फाडले नाही. चांगुलपणाने नव्हे, इतके नक्की. बहुधा वहीतले पान फाडायची मला सवयच नव्हती.

पट्टीत दरसाल ज्वारी येते. चांगली येते. मल्हारीच्या मेंढ्यांच्या खताचा जोर पहिल्या दोन-तीन वर्षांत संपला असणार, पण जमीन मुळातच कसदार. दगड मी पुरला तिथेच आहे.

मल्हारीचे तेरावे झाल्यावर एका सकाळी ठकूमाय आली. मेंढ्या तिने चुलतपुतण्याला देऊन टाकल्या होत्या. काखेत घोंगडी होती, नेकनूरच्या सणगराकडून विणून आणलेली. मी पडवीत होतो. दस्तगीरही होता. तिने घोंगडी माझ्या पुढ्यात ठेवली आणि वरून हात फिरवला, लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा.

"ही तुमाला."

"मला कशाला, ठकूमाय?"

"माझ्या पोराच्या पापापायी तुमी विलायतेपतूर लिवलं. सालभर वाचून दावलं. आमाला कोन हाय तेवढं करनारं? देन्यासारखं माझ्यापाशी दुसरं काई न्हाई, अण्णा."

दस्तगीर म्हणाला, "घ्या अण्णा. न्हाई म्हनू नका. तिला लागंल."

त्या दिवशीची नोंद वहीत आहे, दुसऱ्या वहीत, चार रात्रींच्या वहीच्या शेजारीच ती ठेवलेली असते. अक्षर नेहमीसारखेच आले आहे. घोंगडी एक. काळी, पांढऱ्या काठाची, आठ हात. सूत तेहतीस गुंडे. दिली ठकूबाई धनगरीण हिने. घेतली मी.